फळ्यावरचं पुसलेलं नाव

मे महिन्यातला शेवटचा बुधवार. सव्वा वाजलाय. लालबागच्या मसाला गल्लीत शिरताच पहिली शिंक येते. डंखांची लोखंडी मुसळं खाली-वर होतायत. बेडगी, संकेश्वरी कुटली जातेय. बाजूला स्टुलांवर बायका बसल्यात. नाकाला पदर, मुठीत पावती, नजर आपल्याच मिरचीवर. पाऊस तोंडावर आलाय, त्याआधी वर्षाचा मसाला बरणीत पडायला हवा.

गल्ली मागे पडते, शिंका पडत नाहीत. कोपऱ्यावर वास बदलतो. तापलेलं तेल, आणि तेलात मासळी.

खाणावळीची पाटी उन्हाने इतकी विटलीय की नाव लागत नाही. लागायचं कारणही नाही, रांग दिसतेय. चौदा जण आहेत, मी पंधरावा. फूटपाथवर सावली हातभरच, छज्ज्याखालची. जशी सावली तशी रांग वाकलीय. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले चौघे समोरच्या काचेच्या टॉवरमधून उतरलेत. त्यांच्यामागे टॅक्सीवाला, मग मसाल्याचा डबा काखेत धरलेल्या दोघी. कोणी कोणाशी बोलत नाही. आतून ताट गेल्याचा आवाज आला की माना मात्र एकदम वळतात.

दारातल्या मुलाच्या हातात वही आहे.

"किती जण?"

"एकटाच."

"मग चला. एक खुर्ची आहे."

पुढचं जोडपं माझ्याकडे बघतं. मी नजर चुकवून आत सरकतो.

आत सहा टेबलं, चोवीस खुर्च्या आणि तीन पंखे. पंखे गरम हवाच फिरवतायत. भिंतीवर खडूने लिहिलेला फळा : सुरमई, बांगडा, बोंबील, तिसऱ्या, कोळंबी. प्रत्येकापुढे आकडा. पापलेटपुढे आकडा नाही, नुसतं 'विचारा'. कोणी विचारताना दिसत नाही.

"चार नंबर, दोन सुरमई! भाकरी गरम दे!"

स्वयंपाकघराला दार नाही, अर्धा पडदा आहे. पडद्याखाली काकूंचे हात तेवढे दिसतात. हळद-तिखटात माखलेली तुकडी उचलायची, रव्यात दाबायची, झटकायची, तव्यावर ठेवायची. एका वेळी आठ. पहिली उलटायला येते तेव्हा आठवी ठेवून होते. हात थांबत नाहीत आणि घाईही करत नाहीत.

माझ्यासमोरच्या खुर्चीत पांढऱ्या सदऱ्यातले एक आजोबा बसलेत. माझं ताट येतं. बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, कांदा, वाटीत गुलाबी सोलकढी. मी पहिला घास घेतो आणि दाताखाली काहीतरी कडक येतं. जीभ झिणझिणते.

"तिरफळ," आजोबा म्हणतात. "चावायचं नाही ते. वासापुरतं असतं. कडेला काढून ठेवा."

त्यांच्या ताटाच्या कडेला काळी तिरफळं ओळीने मांडलेली आहेत. बांगडाही तसाच नीट सोललेला. मधला काटा अखंड, कंगव्यासारखा.

"पहिल्यांदा आलात?"

"हो. तुम्ही?"

ते हसतात. "मी गिरणीत साच्यावर होतो, तेव्हापासून. तेव्हा ताटाचा हिशोब नसायचा, महिन्याचा असायचा. बायकापोरं गावाला, आम्ही गाळ्यावर. पाळी सुटली की इथे. पगार झाला की खाणावळवाल्या बाईंच्या हातावर पैसे."

मग १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आजोबा एवढंच म्हणतात, "त्या वर्षी बाईंनी बरीच पानं उधारीवर वाढली." पुढे सोलकढीची वाटी तोंडाला लावतात. खिडकीतून, जिथे गिरणीचा भोंगा वाजत असेल त्या बाजूला, आता काच चमकतेय. ओळखपत्रवाले चौघे मागच्या टेबलावर दुसरी भाकरी मागतायत.

दोन वाजतात. गल्ल्यावरचे मालक उठतात, बोट ओलं करतात आणि फळ्यावरचा 'बांगडा' पुसतात. दारातून सुस्कारा ऐकू येतो. रांगेतले दोघे निघून जातात, बाकीचे सावलीत सरकतात. थोड्या वेळात तिसऱ्याही जातात. फ्रीजमधून काढून वाढायची पद्धत इथे नाही. सकाळी आणलं ते दुपारी संपतं.

मी हात धुतो. बेसिनवर साबणाऐवजी लिंबाच्या फोडी ठेवल्यात. गल्ल्यावर पैसे देताना मी म्हणतो, "पुढच्या वेळी सुरमई खाईन."

"मग चार दिवसांत या," मालक सुटे मोजत म्हणतात. "एक तारखेपासून बंदी."

१ जून ते ३१ जुलै. ६१ दिवस यांत्रिक बोटी किनाऱ्याला. समुद्र खवळलेला आणि मासळी अंड्यावर.

"तेव्हा बंद ठेवता?"

"बंद कशाला?" ते मान वर करून दाखवतात. माळ्याच्या कडेला, पंख्याच्या वाऱ्यात, सुक्या बोंबलांच्या माळा लटकतायत. पिवळट, काठीसारख्या ताठ. शेजारी सुकटीच्या दोन गोणी.

"पावसात या. बाहेर धो धो पडत असतो, आत चुलीवर सुकं. तेव्हा रांग नसते."

दारातला मुलगा वहीत एक रेघ मारतो. "एक खुर्ची!" मघाचं जोडपं एकमेकांकडे बघतं. बाई पुढे होते.