पत्त्यातली चूक संगणकाला कशी कळते?

मेळघाटातल्या सेमाडोहला पत्र पाठवायचे आहे. पत्त्यात काय लिहाल? गल्ली, घरक्रमांक बहुधा नसतोच. गाव सेमाडोह, तालुका चिखलदरा, जिल्हा अमरावती आणि सहा आकडी पिन. पाकिटात परीक्षेचे प्रवेशपत्र असेल, तर एक चुकलेला अंकही भोवतो.

पिनची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिल्या तीन अंकांवरून टपालाची वर्गवारी कोठे व्हायची ते कळते, शेवटच्या तिनांवरून टपाल कचेरी.

पुस्तकाच्या आयएसबीएन क्रमांकातला शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून हिशेबाने काढलेला असतो. एक अंक चुकला, की हिशेब जुळत नाही. पिनमध्ये असा राखणदार अंक नाही! अकोल्याच्या ४४४००१ चे चुकून ४४०००१ झाले, तर तो नागपूरचा खराखुरा पिन होतो. नुसता आकडा पाहून संगणकाला शंका यावी तरी कशी?

म्हणून पत्ते तपासणारी आज्ञावली आकडा आणि नाव समोरासमोर ठेवते. सेमाडोहच्या पत्त्यात पिन ४४० ने सुरू झाला, पण जिल्हा अमरावती आहे, म्हणजे कोठेतरी चुकले. मग ती जिल्ह्यातल्या गावांची यादी धुंडाळते. ‘सिमाडोय’ लिहिले असेल, तर किती अक्षरे बदलली म्हणजे यादीतले नाव मिळते, हे मोजते. सर्वांत कमी बदल लागणारे नाव बहुधा खरे. सारख्याच नावाची दोन गावे निघाली, तर मात्र अंदाज न करता पत्ता माणसापुढे ठेवणे बरे.

अमरावती-अकोल्याच्या मुलांची एक सोय आहे. ४४४ मधल्या चारांची कितीही अदलाबदल झाली, तरी पिन चुकत नाही!