आधी हात बघायचे

टेक्सासमधल्या चर्चमध्ये बंदूक चालते की नाही, ते दारावरच्या पाटीवरून कळतं. नको असेल तर चर्चने तसं लिहून लावायचं: इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, पार्श्वभूमीवर उठून दिसेल अशा रंगात, किमान एक इंच उंच अक्षरांत. परवानाधारकाने झाकून नेलेल्या पिस्तुलाला मनाई करायची तर दंडसंहितेच्या कलम 30.06 ची पाटी, उघड्यावर लावलेल्याला मनाई करायची तर 30.07 ची. मजकूर एवढा लांबलचक, की दोन्ही लावल्या तर उपासनेची वेळ लिहायला जागा उरत नाही. पाटी नसेल आणि तोंडीही कुणी अडवलं नसेल, तर परवानाधारकाने पिस्तुलासह बाकावर बसावं, हरकत नाही. 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झालेल्या कायद्याने याबाबतची उरलीसुरली संदिग्धताही संपवली.

डॅलसच्या उत्तरेला मी ज्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये जातो, तिथे पाटी नाही. सुरक्षेची टीम आहे. टीमचे प्रमुख निवृत्त वायरमन. त्यांची परवानगी काढून मी काही रविवार त्यांच्याबरोबर दाराशी उभा राहिलो. मी नगरचा, तिथल्या मंडळीत वाढलेला. दाराशी उभ्या असलेल्या माणसाने हातात गीतांचं पुस्तक द्यायचं, एवढंच मला माहीत होतं.

उपासनेच्या तासभर आधी ते येतात. शर्ट बाहेर सोडलेला आणि मापापेक्षा एक नंबर मोठा, कमरेवरच्या पिस्तुलाचा उंचवटा दिसू नये म्हणून. कानात बारीक इअरपीस. आधी बाजूची दारं: आतून उघडतात ना, बाहेरून उघडत नाहीत ना. मग लहान मुलांच्या खोल्या, मग पार्किंग. शेवटी लाल पिशवी उघडून हृदयाला झटका देणाऱ्या यंत्राची बॅटरी आणि रक्त थांबवायचे पट्टे जागेवर आहेत का ते बघायचं. वर्षभरात खरोखर वापर होतो तो या पिशवीचाच. कुणाची साखर उतरते, कुणी आजोबा पायरीवरून घसरतात. यापलीकडे टीमला धास्ती असते ती घटस्फोटाच्या भांडणाची. कोर्टाने मनाई केलेला बाप मुलाला न्यायला आला तर? म्हणून मुलाच्या शर्टावर एक क्रमांक चिकटवतात, तोच आईच्या हातातल्या चिठ्ठीवर असतो. दोन्ही जुळल्याशिवाय मूल कुणाच्या हाती देत नाहीत. पिस्तुलाचं नाव मोठं, पण ही चिठ्ठी जास्त भांडणं वाचवते.

“चेहरा शेवटी बघायचा,” ते म्हणाले, “आधी हात.” हात खिशात आहेत का, ऑगस्टच्या उकाड्यात अंगात कोट आहे का, माणूस आत शिरताच व्यासपीठाकडे बघतो की दारांकडे. आणि प्रत्येकाशी हस्तांदोलन करायचंच. माणसाला बरं वाटतं, आणि त्याचा उजवा हात रिकामा असल्याची खात्रीही होते. ही हातोटी त्यांना इतकी साधली आहे, की समोरच्याला फक्त आपुलकी जाणवते. मी पहिल्यांदा या चर्चमध्ये आलो तेव्हा लागोपाठ तिघांनी माझा हात हातात घेतला होता आणि मी घरी सांगितलं होतं, किती प्रेमळ मंडळी आहे. आता त्यांना विचारलं, तर हसले. “तुमच्या पाठीवर बॅग होती. आम्ही बॅग बघत होतो.” त्या दिवशी बॅग घेऊन आलेला मी एकटाच होतो का, हे मी विचारलं नाही. सावळ्या माणसाला अमेरिकेत असले प्रश्न मनातल्या मनात सोडवायची सवय होते.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर दोन गावांच्या नावांत मिळतं. सदरलंड स्प्रिंग्ज, 5 नोव्हेंबर 2017: उपासनेत घुसून केलेल्या गोळीबारात पोटातल्या बाळासह 26 बळी. आणि फोर्ट वर्थजवळचं व्हाइट सेटलमेंट, 29 डिसेंबर 2019. तिथे खोटी दाढी आणि टोप लावून आलेल्या माणसावर सुरक्षा टीमची आधीपासून नजर होती, एक कॅमेराही त्याच्यावर लावलेला होता. प्रभुभोजन चालू असताना त्याने शॉटगन काढली आणि दोघांना मारलं. टीमचे प्रमुख जॅक विल्सन यांनी एका गोळीत त्याला पाडलं. सगळं मिळून सहा सेकंद, तेही थेट प्रक्षेपणात. आमच्याकडच्या प्रशिक्षणात ही चित्रफीत दाखवतात. बघणारे विल्सन यांचा नेम बघतात. माझं लक्ष दुसरीकडे जातं: संशयिताला ओळखलेलं होतं, टीम सावध होती, तरी दोघे गेलेच.

विल्सन नंतर म्हणाले, की आपण माणूस मारला असं त्यांना वाटत नाही, दुष्टाई मारली असं वाटतं. जगण्यासाठी त्यांना असं म्हणणं भाग असेल, ते मला समजतं. पण तिथल्या पास्टरांनीच सांगितलं होतं, की हा माणूस पूर्वी मदत मागायला आला होता आणि चर्चने त्याला खायला दिलं होतं. जेवू घातलं तेव्हा तो माणूस होता. तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने स्वसंरक्षण मान्य केलं, पण अटी घालून: हेतू स्वतःचा जीव वाचवण्याचा हवा, मारण्याचा नको, आणि गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं तर ते पाप. समोरचा माणूस नव्हताच, असं म्हणायची सोय त्याच्या मांडणीत नाही.

बुधवारच्या बायबल अभ्यासात हा विषय निघतोच. लूकच्या बाविसाव्या अध्यायात येशू शिष्यांना अंगरखा विकून तरवार घ्यायला सांगतो. ते दोन तरवारी दाखवतात, तो पुरे म्हणतो. त्याच रात्री बागेत एक शिष्य महायाजकाच्या दासाचा कान उडवतो, तेव्हा येशू त्याला थांबवतो आणि कान बरा करतो. टीमवाल्यांचं वाचन पहिल्या प्रसंगापाशी थांबतं, विरोधकांचं दुसऱ्यापासून सुरू होतं. शस्त्र न उचलणाऱ्या मेनोनाइट पंथाच्या घरात वाढलेल्या एक बाई मग तशाच आमिश पंथाची आठवण काढतात: 2006 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या निकेल माइन्सच्या त्यांच्या शाळेत पाच मुली मारल्या गेल्या, तरी ती मंडळी मारेकऱ्याच्या दफनाला गेली. यावर कुणी काही बोलत नाही आणि चहाची वेळ होते.

मला स्वतःला बायबलच्या निर्गम पुस्तकातला नियम जास्त विचार करायला लावतो. रात्री घर फोडताना चोर मारला गेला तर रक्तदोष नाही. पण सूर्य उगवलेला असेल तर आहे. अंधारात त्याचा हेतू दिसत नाही, उजेडात दिसतो. गंमत म्हणजे टेक्सासच्या दंडसंहितेतही मालमत्ता वाचवण्यासाठी जीवघेणं बळ वापरायची मुभा देताना रात्रीची चोरी वेगळी काढली आहे. रविवारी सकाळी अकरा वाजता मात्र लख्ख उजेड असतो.

उघड्या पिस्तुलाला बायबलवाल्यांपेक्षा टीमचाच विरोध जास्त. 2009 मध्ये केंटकीतल्या लुईव्हिल शहरात केन पगॅनो या पास्टरने लोकांना रिकाम्या बंदुका लावून चर्चला बोलावलं होतं, शेदोनशे लोक आलेही. टेक्सासमध्ये 2016 पासून परवान्यावर उघडं पिस्तूल लावता येऊ लागलं, 2021 पासून परवान्याशिवायही, आणि मध्यंतरी आमच्याकडेही एक तरुण कातडी होल्स्टर मिरवत आला. प्रमुखांनी त्याला हलकेच बाजूला घेतलं. दिसणारं पिस्तूल कुणीही हिसकावू शकतं, हल्लेखोर आला तर पहिली गोळी तुलाच, आणि गडबडीत तू कोणाच्या बाजूचा हे आम्हाला कसं कळणार? तरुण म्हणाला, “पाटी कुठे आहे?”

प्रकरण वडीलमंडळापुढे गेलं. पाटी लावली तर काही घरं दुसऱ्या चर्चला जातील, नाही लावली तर मेनोनाइट बाईंसारखी. शेवटी साप्ताहिक पत्रकात एक ओळ आली: शस्त्र बाळगणाऱ्यांनी कृपया ते झाकून ठेवावं. या ओळीला कायद्याचं बळ नाही, कारण लेखी मनाईचे शब्द कलमातच ठरवून दिलेले आहेत. तरुण पुढच्या रविवारी जॅकेट घालून आला. प्रमुख मात्र अजून धुसफुसतात. “विनंतीच करायची होती तर दारावर करा ना,” ते म्हणतात. “पत्रक हातात पडेपर्यंत माणूस माझ्यासमोरून आत गेलेला असतो.”