परतावा आला, पण पुरा आला का?

क्रेडिट कार्डासोबत न मागितलेला विमा माथी मारला गेला आणि तक्रारीनंतर पैसे परत आले, एवढ्याने न्याय झाला असे नाही. समजा, ५०० रुपयांचा मासिक हप्ता व त्यावर १८ टक्के कर, असे ५९० रुपये वर्षभर आकारले गेले. बँकेने ६,००० रुपये परत केले, तर कराचे १,०८० रुपये राहिलेच. ही रक्कम थकबाकीत साचत गेली असल्यास मासिक ३.५ टक्के दराने सरळ व्याजच सुमारे १,३६३ रुपये होते. कार्डासोबतच्या अन्य सेवांसाठी ग्राहकाची स्पष्ट संमती रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत बंधनकारक केली आहे. म्हणून मासिक विवरणपत्रे पुढ्यात ठेवून हिशेब लेखी मागावा. ३० दिवसांत समाधान न झाल्यास लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागावी. चूक बँकेची असताना तिचे व्याज ग्राहकाने का भरावे?