रिवॉर्ड पॉइंट्सचे विमान : टांकसाळ त्यांची, नाणे आपले

विशेष प्रतिनिधी

लांब पल्ल्याच्या विमानात पुढच्या पडद्यापलीकडे आडवे पसरून झोपता येईल अशी आसने असतात. मागच्या रांगांतील प्रवाशाच्या कित्येक पट भाडे मोजणाऱ्यांसाठी राखलेली ही जागा. तिथे बसलेल्या काही प्रवाशांनी मात्र मूळ भाड्याचा एक रुपयाही रोखीने भरलेला नसतो. वाणसामान, शाळेची फी, विजेचे बिल, फ्रीजची खरेदी असे सारे खर्च क्रेडिट कार्डावर करून साठवलेल्या रिवॉर्ड पॉइंट्सच्या बदल्यात त्यांनी ते तिकीट मिळवलेले असते. शहरी नोकरदार वर्गात या प्रकाराचे मोठे आकर्षण आहे आणि 'फुकटात बिझनेस क्लास' हे शब्द आता अनेकांच्या कानावर पडू लागले आहेत.

हा प्रवास शक्य आहे, यात शंका नाही. तो फुकट मात्र नाही. पॉइंट्स म्हणजे बचत नव्हे. ते एक खासगी चलन आहे. ते पाडणारी टांकसाळ बँकेची वा विमान कंपनीची असते आणि त्याचा भावही तीच ठरवते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर या व्यवहारात लाभ कोणाला होतो आणि नुकसान कोणाला, हे समजणे सोपे जाते.

पैसा येतो कुठून?

नियमित प्रवाशांना 'माइल्स' देण्याची मोठी योजना अमेरिकन एअरलाइन्सने मे १९८१ मध्ये सुरू केली. पाठोपाठ काही दिवसांतच युनायटेड एअरलाइन्सही त्यात उतरली. प्रारंभी केलेल्या प्रवासाच्या अंतरावर माइल्स मिळत. १९८७ मध्ये सिटीबँकेने अमेरिकन एअरलाइन्सच्या सहकार्याने कार्ड बाजारात आणले आणि विमानात पाऊल न ठेवताही माइल्स मिळण्याचा मार्ग खुला झाला.

यामागचे अर्थकारण साधे आहे. आपण दुकानात कार्ड वापरतो तेव्हा दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. साधारण दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क कापले जाते आणि त्यातील मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. त्या वाट्यातील काही भाग ग्राहकाला पॉइंट्सच्या रूपाने परत दिला जातो. भारतात यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरील व्यवहारांना जानेवारी २०२० पासून असे शुल्क लागत नाही. तिथे वाटायला पैसाच नसल्याने पॉइंट्सही दिसत नाहीत. इंधन, घरभाडे, विमा किंवा सरकारी देणी यांवर अनेक बँका पॉइंट्स नाकारतात अथवा कमी देतात, त्यामागेही बहुतांशी हेच गणित असते.

दुसरीकडे, बँक ग्राहकाला माइल्स देते तेव्हा ते विमान कंपनीकडून विकत घेते. हा धंदा किती मोठा आहे, याची कल्पना करोनाच्या काळात आली. उड्डाणे थंडावली असताना, २०२० मध्ये युनायटेडने आपली 'माइलेजप्लस' योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. डेल्टा एअरलाइन्सला अमेरिकन एक्स्प्रेसकडून २०२४ मध्ये सुमारे ७४० कोटी डॉलर मिळाले. थोडक्यात, आपल्या खात्यावरचे माइल्स ही विमान कंपनीची मेहेरबानी नसून तिचा विक्रीचा माल आहे.

एका पॉइंटची किंमत

पॉइंट्स वापरण्याचे मार्ग अनेक असले, तरी सर्वांत मिळणारे मोल सारखे नसते. मासिक बिलात वळते करून घेतल्यास अनेक कार्डांवर एका पॉइंटचे २० ते ३० पैसे मिळतात. बँकेच्या यादीतील मिक्सर वा घड्याळ घेतल्यासही मोल फारसे वाढत नाही. विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या योजनेत पॉइंट्स वर्ग केल्यास मात्र हे मोल बरेच वर जाऊ शकते. आलिशान प्रवासाची सारी भिस्त या फरकावर आहे.

उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. समजा, एका परदेशी शहराचे बिझनेस क्लासचे एकेरी तिकीट रोखीने ६० हजार रुपयांना आहे. तेच ४० हजार माइल्स आणि कर व विमानतळ शुल्कापोटी ८ हजार रुपये देऊन मिळते. (माइल्सचे तिकीट घेतले तरी ही रक्कम भरावीच लागते आणि काही कंपन्या त्यात इंधन अधिभारही घालतात.) म्हणजे ४० हजार माइल्सनी ५२ हजार रुपये वाचवले. एका माइलचे मोल झाले १ रुपया ३० पैसे. बिलात वळते करून मिळणाऱ्या २५ पैशांच्या हे पाचपटींहून अधिक आहे.

हा हिशेब बरोबर असला, तरी अर्धाच आहे. बिझनेस क्लाससाठी खिशातून ६० हजार रुपये मोजणारा प्रवासी असेल, तर बचत खरोखरच ५२ हजारांची आहे. पण एरवी तो १८ हजार रुपयांच्या इकॉनॉमी तिकिटावर गेला असता, तर त्याची रोख बचत अवघी १० हजारांची. भागाकार केला की माइलमागे उरतात फक्त २५ पैसे! उरलेले मोल आरामाचे आहे. ते खरे आहे. रात्रभर नीट झोप मिळणे ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. मात्र तिची किंमत ज्याची त्यानेच ठरवायची असते. जाहिरातीतील 'बचत' आणि आपल्या पासबुकातील बचत या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

चाळीस महिन्यांची वाट

हे ४० हजार माइल्स साठायला किती काळ लागेल? समजा, कार्डावर दर २०० रुपयांमागे चार पॉइंट्स मिळतात आणि एका पॉइंटचा एक माइल होतो. महिन्याचा खर्च ५० हजार रुपये असेल, तर महिन्याला एक हजार पॉइंट्स जमतील. एका एकेरी तिकिटासाठी ४० महिने, म्हणजे तीन वर्षे चार महिने थांबावे लागेल. अनेक बँकांच्या पॉइंट्सची मुदत दोन ते तीन वर्षांची असते. तेव्हा शेवटचे पॉइंट्स हाती येईपर्यंत पहिले बाद होऊ लागलेले असतील! चौघांच्या कुटुंबाला जाऊन-येऊन हाच प्रवास करायचा, तर ३ लाख २० हजार माइल्स हवेत. त्यासाठी कार्डावर १ कोटी ६० लाख रुपये खर्च करावे लागतील.

मग काही जणांना हे साधते कसे? त्यांची भिस्त साध्या खरेदीवर नसते. नवे कार्ड घेताना मिळणारे स्वागताचे पॉइंट्स, ठरावीक वार्षिक खर्चाचा टप्पा गाठल्यावर मिळणारी वाढीव भेट, बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तिकिटे वा गिफ्ट व्हाउचर घेतल्यास मिळणारे तिप्पट-पाचपट पॉइंट्स, अशा वाटांनी ते साठा वाढवतात. या सवलतींना बहुधा मासिक मर्यादा असते. शिवाय बँकेच्या संकेतस्थळावरील तिकीट विमान कंपनीकडील तिकिटापेक्षा महाग तर नाही ना, हे दर वेळी ताडून पाहावे लागते.

वार्षिक शुल्कही विसरता येत नाही. १२,५०० रुपये शुल्काच्या कार्डावर १८ टक्के जीएसटी धरून १४,७५० रुपये जातात. वरच्या उदाहरणातील ग्राहकाचे वर्षाचे १२ हजार पॉइंट्स, अगदी १ रुपया ३० पैशांच्या चढ्या भावाने धरले, तरी १५,६०० रुपयांचे होतात. वर्षभराच्या खटाटोपानंतर पदरी पडतात ८५० रुपये.

भाव ठरवणारे दुसरेच

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. रुपयाचा भाव घसरला तर निदान चर्चा होते. पॉइंट्सचा भाव एका सूचनेने घसरतो. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. पाच पॉइंट्सच्या बदल्यात चार माइल्स हा त्या कार्डाचा दर १ सप्टेंबर २०२३ पासून पाचास दोन असा झाला. बँकेच्या बड्या ग्राहकांसाठी असलेली कार्डाची आवृत्ती तेवढी वगळण्यात आली. एक लाख पॉइंट्स साठवून ठेवलेल्या ग्राहकाचे ८० हजार माइल्स त्या दिवशी ४० हजारांवर आले. विमानतळावरील लाउंजच्या सवलतीचेही तसेच. एचडीएफसी बँकेने रेगालिया कार्डावरील ही सवलत १ डिसेंबर २०२३ पासून तिमाहीतील एक लाख रुपयांच्या खर्चाशी जोडली.

विमान कंपन्या आणि हॉटेलेही मागे नाहीत. कोणत्या मार्गाला किती माइल्स लागतील याचे छापील कोष्टक पूर्वी असे. डेल्टाने २०१५ मध्ये आणि युनायटेडने २०१९ मध्ये ते मोडीत काढले. मॅरियटने २०२२ मध्ये हॉटेलांच्या बाबतीत तोच मार्ग धरला. अशा योजनांत मागणी वाढली की लागणारे पॉइंट्सही वाढतात.

कंपनीच बुडाली तर? भारतीय प्रवाशांनी दोन्ही प्रकारचे अनुभव घेतले आहेत. किंगफिशर एअरलाइन्सची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या 'किंग क्लब'चे साठवलेले माइल्स निरुपयोगी झाले. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली. पण तिची 'जेटप्रिव्हिलेज' योजना स्वतंत्र कंपनीच्या हाती असल्याने ती त्याच वर्षी 'इंटरमाइल्स' या नव्या नावाने तगली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्ताराचे एअर इंडियात विलीनीकरण झाले, तेव्हा क्लब विस्ताराचे पॉइंट्स एअर इंडियाच्या योजनेत वर्ग करण्यात आले. तिन्ही वेळा ग्राहकाचे काय होणार, हे ग्राहकाच्या हाती नव्हते.

व्याजाची कात्री

या साऱ्या हिशेबाला एक अट आहे : दरमहा पूर्ण बिल मुदतीत भरणे. ५० हजारांची थकबाकी राहिली आणि महिन्याला साडेतीन टक्के दराने व्याज लागले, तर १,७५० रुपये व्याज आणि त्यावर ३१५ रुपये जीएसटी, असा एका महिन्याचा भुर्दंड २,०६५ रुपयांचा होतो. त्याच ५० हजारांच्या खर्चावर मिळालेले हजार पॉइंट्स चढ्या भावानेही १,३०० रुपयांचेच असतात. बिलावरील 'किमान रक्कम' भरून विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. उलट, नव्या खरेदीवरील व्याजमुक्त कालावधीही हातचा जातो.

साडेतीन टक्के मासिक म्हणजे वार्षिक ४२ टक्के. तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्दबातल ठरवला. त्यामुळे त्या मर्यादेचे संरक्षण आता ग्राहकाला नाही. कोणाचे व्याज कोणाच्या तिकिटाला हातभार लावते, याचा विचार प्रत्येकाने करावा. बिल थकवणाऱ्यांकडून बँकेला मिळणारे व्याज हा कार्डाच्या धंद्याचा भक्कम आधार आहे. वेळेवर बिल भरून पुढच्या आसनावर झोपणारा प्रवासी त्या आधारावरच विसावलेला असतो.

मग फायदा कोणाला?

ज्याचा खर्च एरवीही मोठा आहे, ज्याने आजवर एकदाही बिल थकवलेले नाही आणि ज्याला प्रवासाच्या तारखा मागेपुढे करता येतात, त्याला ही वाट लाभदायक ठरते. एकट्यादुकट्याला माइल्सची आसने मिळण्याची शक्यता अधिक असते. मे महिन्याच्या सुटीतच जाऊ शकणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला ती क्वचित मिळतात. अशा कुटुंबाने हॉटेलांचा विचार करावा. मॅरियटच्या योजनेत पॉइंट्सवर सलग पाच रात्री राहिल्यास एका रात्रीचे पॉइंट्स लागत नाहीत. टाटा समूहाचे एक न्यूकॉइन एका रुपयाचे धरले जाते आणि ते ताज हॉटेलांतही चालते. अशा ठरीव भावात मोठी चैन साधत नाही, पण हिशेब स्वच्छ राहतो.

हे लक्षात ठेवा

* आधी आसन शोधा, मग पॉइंट्स वर्ग करा. एकदा विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट्स सहसा बँकेकडे परत येत नाहीत.
* लवकर शोध घ्या. सिंगापूर एअरलाइन्ससारख्या कंपन्यांची तिकिटे सुमारे ३५५ दिवस आधी खुली होतात.
* विमान कंपन्यांच्या युतीचा लाभ घ्या. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. त्यामुळे तिचे पॉइंट्स युतीतील अन्य विमानांवरही वापरता येतात.
* मुदत तपासा. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर माइल्सची मुदत तीन वर्षांची आहे.
* शुल्क परवडत नसेल, तर आधी पॉइंट्स वापरा आणि मगच कार्ड बंद करा. थकबाकी नसल्यास सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा दंडक आहे.

सोने घरात ठेवले तर ते पुढच्या पिढीच्या कामी येते. पॉइंट्सचे तसे नाही. ते साठवण्याची वस्तूच नव्हे. पुरेसे जमले आणि मनासारखे आसन दिसले की खर्चून टाकावेत. आणि पॉइंट्स मिळतात म्हणून एखादी वस्तू घ्यावीशी वाटली, तर स्वतःला एकच प्रश्न विचारावा : पॉइंट्स नसते, तर ही वस्तू आपण घेतली असती का?