काळे तेल, कपड्यांचा साबण

शिरूर तालुक्यातून पुणे–नगर रस्ता जातो, दौंडमधून पुणे–सोलापूर. दोन्हीकडे हॉटेलांच्या मागच्या दाराशी तळून तळून काळ्या झालेल्या तेलाचे डबे दिसतात. आपले काम चालते त्या एका पारधी वस्तीवर हे तेल स्वस्तात येते आणि स्वयंपाकात जाते. मागच्या भेटीत एका मावशींनी विचारले, "ताई, फडक्यातून गाळलं, परत उकळलं, तर चांगलं होत नाही का?" मी "नाही" म्हटले खरे, पण का नाही हे सांगायला शाळेतले रसायनशास्त्र पुन्हा उघडावे लागले.

तेल, तूप, चरबी हे सगळे एस्टर. (एस्तेर राणीशी याचा संबंध नाही.) आम्ल आणि अल्कोहोल एकत्र येऊन पाण्याचा रेणू बाहेर पडला की एस्टर होतो. पिकलेल्या केळ्याचा वासही एका लहान एस्टरचाच. तेलाचा रेणू मात्र मोठा: ग्लिसरीनच्या एका कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या. सरळ शेपट्या जास्त असल्या की त्या एकमेकींना चिकटून बसतात आणि तूप थिजते; करडईच्या तेलात वाकड्या जास्त, म्हणून ते थंडीतही पातळ राहते.

भजी तळताना पिठातले पाणी आणि कढईची उष्णता मिळून शेपटी आणि कण्याचा जोड तोडतात. हवेतला ऑक्सिजन वाकड्या शेपट्यांना धरतो, त्यातून खवटपणा येतो. काही तुकडे एकमेकांत गुंततात आणि तेल दाट, फेसाळ होते. हे सारे तेलात विरघळलेले असते. फडक्यात अडकतो तो फक्त जळका गाळ. उकळले तर बिघाड वाढतोच. अशा बिघडलेल्या घटकांचे प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही, असा देशात 1 जुलै 2018 पासून नियम आहे.

पण "घेऊ नका" म्हणणे मला सोपे आहे. माझ्या घरात चांगल्या तेलाचा डबा भरलेला असतो.

म्हणून साबणाचा विचार केला. तोच जोड कॉस्टिक सोड्याने तोडला की शेपट्यांचा साबण होतो आणि ग्लिसरीन सुटे होते. पहिल्या प्रयत्नात चूक माझीच झाली. सोडा अंदाजाने घेतला, तोही ॲल्युमिनियमच्या पातेल्यात. पातेले फसफसले, तळ खरवडल्यासारखा झाला. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. देवाची कृपा, चूल लांब होती आणि कोणाच्या अंगावर काही उडाले नाही. आता स्टीलचे भांडे, हातमोजे, चष्मा आणि वजनकाटा असल्याशिवाय सुरुवात करत नाही, मुलांना लांब ठेवतो. सोडा नेहमी पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही. एक किलो शेंगदाणा तेलाला साधारण 135 ग्रॅम सोडा लागतो, खोबरेलाला 180च्या आसपास; आम्ही थोडा कमीच घेतो, म्हणजे वडीत सोडा उरत नाही. वड्या महिनाभर वाळवायच्या आणि फक्त कपड्यांना वापरायच्या.

मावशींनी वडी हुंगली. "भज्यांचा वास येतोय, पण फेस चांगलाय." डबा अजून चुलीजवळच होता. साबणाच्या पैशातून वस्तीसाठी चांगले तेल एकत्र आणायचे, असा हिशेब त्यांच्या बचत गटात सध्या मांडला जातो आहे.