दोष सुकाणूचा नव्हे

१८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, खास बांधलेल्या तळ्यात, निकोला टेस्ला यांनी एक छोटी बोट तारेविना फिरवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्यांना अमेरिकेचे ६१३८०९ क्रमांकाचे पेटंट मिळाले. बोटीच्या पोटात बॅटऱ्या होत्या, विजेची मोटर होती, मागे सुकाणू होते. म्हणजे रेडिओच्या हुकमावर चालणाऱ्या यंत्रांच्या घराण्यातला मूळ पुरुष विमान नाही, मोटारही नाही. तो विजेवर चालणारी छोटी बोट आहे. हुकूम पोहोचवण्याचा प्रश्न त्यानंतर पुरता सुटला. आज बाजारात मिळणाऱ्या साध्या रिमोटचाही हुकूम बोटीपर्यंत निमूट पोहोचतो. न सुटलेला प्रश्न दुसरा आहे: हुकूम पोहोचला तरी बोट ऐकत नाही. ती डावीकडे ओढते, उड्या मारते, वळणावर उलटते किंवा वळतच नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी सुकाणूकडे जातो, कारण वळवण्याचे काम त्याचे. माझे म्हणणे असे की हात तिथे सर्वांत शेवटी जायला हवा. बोटीच्या वागण्यातला दोष दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे, आणि हे दुसरे ठिकाण बहुधा वजन, पंखा किंवा तळ यांपैकी एक असते.

रस्त्यावरच्या गाडीशी तुलना करून पाहिली की कारण कळते. गाडीची चाके जमीन धरतात. स्टिअरिंग फिरवले की चाक वळते आणि गाडी त्यामागे जाते. बोटीला धरायला काहीच नसते. ती किती बुडेल, कुठे बुडेल आणि कोणत्या बाजूला पाणी जास्त अडवेल, हे तिच्या वजनाच्या मांडणीवर ठरते, आणि वेग बदलला की हे सगळे हिशेब पुन्हा बदलतात. म्हणून तपासणीची सुरुवात मोटर बंद ठेवूनच करावी. बोट शांत पाण्यात सोडून समोरून आणि मागून पाहावी. ती एका बाजूला कलली असेल, तर चालू झाल्यावर सरळ जाईल ही आशा बहुधा व्यर्थ आहे. त्यातही एक फसवे वजन असते: आत शिरलेले पाणी. दोन किलोच्या बोटीत २०० मिलिलिटर पाणी गेले तर तिच्या वजनात दहावा हिस्सा वाढतो, पण खरा घात वजनाचा नसतो. पाणी एका जागी बसत नाही. बोट जिकडे कलते तिकडेच धावते आणि कल आणखी वाढवते. मोठी जहाजेही याच कारणाने उलटली आहेत. सुरुवातीला गुणी असणारी बोट पाचव्या मिनिटाला वेड्यासारखी वागू लागली, तर सुकाणूचा स्क्रू सोडण्याआधी झाकण उघडावे.

पुढचा प्रश्न बोटीच्या जातीचा. टगबोट, मासेमारीची ट्रॉलर, प्रवासी जहाज यांच्या प्रतिकृती पाणी बाजूला सारत चालतात. वेगाच्या बोटी पाण्यावर चढून घसरत जातात. दोघींचे आजार वेगळे. प्रतिकृतीवाल्यांची नेहमीची तक्रार अशी, की बोट मोठ्या जहाजासारखी दिसते पण तशी चालत नाही. लाटेत नाचते, वळताना झोके खाते. याचे उत्तर इंग्लंडच्या विल्यम फ्रूड यांनी एकोणिसाव्या शतकातच देऊन ठेवले आहे. टॉर्की इथल्या त्यांच्या चाचणी-हौदात मेणाच्या प्रतिकृती ओढून जहाजांचा अंदाज बांधला जाई, आणि त्यामागचा नियम असा की वेग लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात घटवायचा. १:२५ प्रमाणातली प्रतिकृती घ्या. मूळ जहाज १० नॉट्सने जात असेल तर तिचा योग्य वेग २ नॉट्स, म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर, माणसाच्या चालण्याइतका. पण हाताशी दमदार मोटर असते आणि बोटे आवरत नाहीत. मग नाळेपुढे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापुढे, पाण्याचा डोंगर उभा राहतो, मागचा भाग खाली बसतो आणि सगळा दोष सुकाणूच्या माथी येतो. अशा बोटीला नवे सुकाणू नको, कमी व्होल्टची बॅटरी हवी.

वेगाच्या बोटींची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, आणि खरे सांगायचे तर अधिक रंजक. एका पंख्याच्या, खोल व्ही आकाराच्या तळाच्या बोटीत गुरुत्वमध्य मागच्या फळीपासून लांबीच्या साधारण ३० टक्क्यांवर ठेवण्याचा प्रघात आहे. ७० सेंटिमीटरच्या बोटीत ही जागा २१ सेंटिमीटरवर येते. तपासायला महागडे उपकरण लागत नाही. बॅटरी आत ठेवून बोट दोन बोटांवर तोलली की पुरते. गुरुत्वमध्य फार मागे असला की नाळ वर उठते, पडते, पुन्हा उठते. हौशी मंडळी याला पोरपॉइझिंग म्हणतात. फार पुढे असला की नाळ पाण्यात रुतते, वळणावर तिथेच अडकून बोट गर्रकन फिरते, आणि पाहणाऱ्याला वाटते सुकाणू जास्त वळले. पंख्याचा दांडा धरणारा मागचा आधार हा दुसरा कळीचा भाग. दांड्याचे मागचे टोक किंचित खाली गेले की पंख्याचा जोर बोटीची पिछाडी उचलतो आणि नाळ दबते. वर गेले की उलट. एखाद्या अंशाचा फरकही वेगात जाणवतो. म्हणून आधी दांडा तळाच्या कण्याला समांतर ठेवावा, मग बॅटरी सरकवावी आणि त्यानंतरच मागच्या ट्रिम टॅबना, म्हणजे मागच्या फळीवरच्या छोट्या पट्ट्यांना, हात लावावा.

डावीकडे ओढणाऱ्या बोटीचा खटला तर सुकाणूवर झालेल्या अन्यायाचा नमुनाच आहे. मागून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरणारा पंखा असेल, तर त्याची प्रतिक्रिया बोटीच्या अंगाला उलट दिशेने पिळते. डावी कड बुडते, तिथे पाणी जास्त अडते आणि बोट डावीकडे वळू पाहते. शिवाय अर्धा पाण्याबाहेर फिरणारा पंखा पिछाडीला उजवीकडे चालवत नेतो. दोन्ही ओढी एकाच दिशेच्या. रिमोटवरच्या ट्रिमने सुकाणू उजवीकडे वळवून ठेवले की बोट सरळ जाते खरी, पण ब्रेक दाबून गाडी चालवण्यासारखे आहे ते. वेग घटला की पीळही घटतो, आणि तीच बोट उजवीकडे भरकटते. बॅटरी किंचित उजवीकडे घेणे हा खरा उपाय. दोन पंखे असतील तर ते परस्परविरुद्ध फिरवले की हा तंटाच मिटतो.

पंख्याविषयी एक जुने उदाहरण. चार्ल्स पार्सन्स यांची ‘टर्बिनिया’ १८९४ मध्ये पाण्यात उतरली तेव्हा तिचे टर्बाइन भरपूर ताकद देत होते, पण वेग येईना. एकच पंखा इतक्या जोरात फिरत होता की त्याच्याभोवती पाण्याच्या वाफेचे पोकळ बुडबुडे होत. पार्सन्स यांनी इंजिन बदलण्यावर न थांबता पंखे छोट्या हौदात फिरवून पाहिले, शेवटी तीन दांड्यांवर नऊ पंखे बसवले, आणि १८९७ मध्ये स्पिटहेडच्या आरमारी संचलनात ही बोट ३४ नॉट्सच्या आसपास धावली. छोट्या बोटीत बहुतेकदा वाफेऐवजी वरची हवा पंख्यात ओढली जाते, पण लक्षण तेच: मोटर किंचाळते आणि बोट जागची हलत नाही. सुकाणूतही अशी हवा शिरते, आणि हवेत फिरणारे पाते काय वळवणार?

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: सुकाणू कधीच दोषी नसते का? असते. सुकाणू हलवणाऱ्या सर्व्होच्या जोडणीत ढिलाई असेल, पाते हाताने हलवल्यावर दोन-तीन मिलिमीटर डुगडुगत असेल, तर बोट सरळ जाणारच नाही. पण ही तपासणी काठावर दहा सेकंदांत होते. तीत काही सापडले नाही की सुकाणूला निर्दोष सोडून पुढे जावे. रेडिओचेही तसेच. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून जवळपास जात नाहीत आणि कार्बन फायबरही त्यांना अडवते, म्हणून अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर, झाकणाबाहेर हवी. दुसरा आक्षेप नव्या पिढीचा: बोट वळू लागताच सुकाणू आपोआप सावरणारा जायरो बसवा, तोच सरळ ठेवील. जायरो उपयोगी आहे, पण तो सुकाणूमार्फतच काम करतो. बोट उडी मारून पाते पाण्याबाहेर आले की तोही हतबल. शिवाय तो चुकीची मांडणी दुरुस्त करत नाही, झाकतो, आणि त्या झाकण्याची किंमत बॅटरी मोजते.

बॅटरीचीच आणखी एक लबाडी आहे. तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ व्होल्ट देते. प्रत्येक सेल ३.५ वर आला की १०.५. दर व्होल्टला २,००० फेऱ्या देणारी मोटर भाराविना आधी मिनिटाला २५,२०० आणि नंतर २१,००० फेऱ्या घेईल. म्हणजे फेरीच्या शेवटी शहाणी वाटणारी बोट दुरुस्त झालेली नसते, थकलेली असते. म्हणून सारख्याच भरलेल्या बॅटरीवर एका वेळी एकच बदल तपासावा. यावर अनुभवी हात म्हणतात, आम्ही अंदाजाने तीन गोष्टी एकदम बदलतो आणि बोट सुधारते. सुधारतही असेल, पण तिघींपैकी कोणत्या बदलाने, हे त्यांना सांगता येत नाही, आणि पंखा बदलला की पहिल्यापासून सुरुवात.

तेव्हा पुढच्या रविवारी तळ्यावर जाल, तेव्हा बॅटरी पूर्ण भरून न्या. पंख्याच्या दांड्याला जलपर्णीचे मूळ किंवा प्लॅस्टिकचा दोरा गुंडाळलेला नाही ना, ते पाहा. आपल्याकडच्या तळ्यांत हा दोष सर्वांत जास्त सापडेल. बॅटरीखालची वेलक्रो पट्टी हवी त्याहून लांब चिकटवा, तिच्या कडेला पेन्सिलीने सेंटिमीटरच्या खुणा करा, आणि प्रत्येक फेरीनंतर बॅटरी एकच खूण सरकवा.