विद्यापीठात शिकता शिकता काम

मुलगा किंवा मुलगी गावाहून विद्यापीठात निघते, तेव्हा घरात हिशेब होतो तो फीचा. मेसचं बिल, खोलीचं भाडं, पुस्तकं यांचा खरा आकडा कळतो तो दिवाळीच्या सुमारास. आणि मग एखादं हुशार पोर वळकटी बांधून परत येतं. त्याच आवारात त्याला काम मिळण्यासारखं होतं, पण विचारायचं कुठं, हेच ठाऊक नव्हतं. म्हणून गुरुजी, आणि पालकहो, हे आधीच समजून घेतलेलं बरं.

पहिली वाट ‘कमवा आणि शिका’ योजनेची. ही आपल्याच मातीतली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यास कॉलेज सुरू केले, ते याच तत्त्वावर. आज पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ही योजना चालते. ग्रंथालयात पुस्तके लावणे, कचेरीत नोंदी करणे, बागेची निगा राखणे अशी कामे असतात. यातून सगळा खर्च भागेल असे मात्र समजू नका. मेसचा भार थोडा हलका होतो, इतकेच. चौकशी विद्यार्थी विकास मंडळाकडे करावी, आणि तीही प्रवेश झाल्याबरोबर. जागा मोजक्या असतात.

दुसरी वाट संशोधनाची. एखाद्या प्राध्यापकाला सरकारकडून संशोधनासाठी पैसा मिळतो, तेव्हा त्याला हाताखाली माणसे लागतात. त्यांना प्रकल्प साहाय्यक म्हणतात. बहुधा पदव्युत्तर पदवी मागतात. पण गावोगाव फिरून माहिती गोळा करण्याचे काम शिकत असलेल्यालाही कधी मिळते. इथे खेड्यातल्या मुलाने बुजू नये. वाफसा म्हणजे काय हे ज्याला कळते, त्याला मातीचा नमुना कधी घ्यावा हे वेगळे शिकवावे लागत नाही. आणि शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलणारा माणूस शहरात शोधून सापडत नाही! विभागाचा सूचनाफलक दर आठवड्याला पाहावा. प्राध्यापकांना भेटण्याआधी ते कशावर संशोधन करतात हे वाचून जावे. नुसतं “काही काम आहे का?” असं विचारलं, तर उत्तर बहुतेक “नाही” असंच येणार. प्रकल्प संपला की नोकरीही संपते, तेव्हा मुदत किती महिन्यांची हे नेमणुकीच्या पत्रात लेखी पाहून घ्यावे.

तिसरी वाट लांबची, पण भक्कम. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘नेट’ परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये मिळतात. याखेरीज पीएच्.डी. करणाऱ्यांसाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या छात्रवृत्त्या आहेत. त्यांचे नियम बदलतात. ज्या त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण मानावी.

काम लावून देतो म्हणून कोणी पैसे मागू लागला, तर तिथूनच माघारी फिरावे.

गुरुजींनी एवढे करावे: मूल गाव सोडण्यापूर्वीच तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढवून घ्यावा, बँकेचे खाते उघडून द्यावे, आणि गुणपत्रिकांच्या चार-चार प्रती बरोबर द्याव्यात. एका दाखल्यासाठी पुण्याहून परत गावी यायचे म्हणजे दोन दिवस मोडतात, आणि तेवढ्यात जागा भरलेली असते.